भूकंपानंतर आप्तांची विचारपूस

भूकंपाची वार्ता कानीं येतांच आप्तेष्टांची खुशाली विचारावीशी वाटणें साहजिक आहे. परंतु सर्वांनींच एका वेळीं विचारूं म्हटलें म्हणजे काय होतें, हें जपाननें १७ जानेवारी १९९५ रोजीं अनुभवलें. त्या पहाटें कोबे शहर हादरलें व ६,४०० हून अधिक माणसें मृत्यु पावलीं. देशभरांतून कोबेकडे दूरध्वनींची इतकी गर्दी लोटली कीं, जेथें तारा शाबूत होत्या तेथेंही बोलणें दुष्कर झालें.

यावरून बोध घेऊन १९९८ सालीं तेथें एक सोय करण्यांत आली. मोठ्या आपत्तीच्या वेळीं १७१ हा क्रमांक फिरवून, आपल्या घरच्या दूरध्वनीच्या क्रमांकावर ‘आम्ही सुखरूप आहों’ असा निरोप ठेवावा. दूरच्या आप्तांनीं तोच घरचा क्रमांक सांगून तो ऐकावा. दर महिन्याच्या १ व १५ तारखेस याचा सरावही करतां येतो.

मात्र क्रमांक कोणता, हें आधीं ठरलेलें असावें लागतें. म्हणून आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस आम्ही सुचवितों कीं, संकटसमयीं घरच्यांनीं कोठें जमावें व परगांवच्या कोणत्या एका नातलगास खबर द्यावी, हें आजच ठरवावें. इतरांनीं मग त्या एकासच विचारावें. आपल्या काळजीनें संकटांत सांपडलेल्याची वाट अडूं नये.