भारनियमन: मुलुंडची लाइट जाते तेव्हा घाटकोपरची का जात नाही?

मुंबईत भारनियमन होत नाही, हा समज मुलुंड-भांडुपच्या रहिवाशांना फार पूर्वीच सोडून द्यावा लागला. 2005 नंतरच्या टंचाईच्या वर्षांत तिथे वेळापत्रकानुसार वीज जाई आणि जवळच्याच घाटकोपरात दिवे चालू असत. यामागे राजकारण असल्याचे आजही बोलले जाते. कारण त्याहून साधे आहे: महापालिकेची हद्द आणि विजेच्या परवान्याची हद्द एक नाही. मुलुंड 1957 साली बृहन्मुंबईत आले, पण तिथला पुरवठा महावितरणकडे आहे. अंधेरी, बोरिवली आणि घाटकोपरचा मोठा भाग पूर्वीच्या बीएसईएसच्या, नंतर रिलायन्सच्या आणि 2018 पासून अदानीच्या क्षेत्रात येतो. त्या क्षेत्रासाठी डहाणूचा 500 मेगावॉटचा प्रकल्प होता, शहराला टाटांच्या तुर्भे, खोपोली, भिवपुरी, भिरा इथल्या विजेचा आधार होता आणि उरलेली तूट महाग वीज विकत घेऊन, ग्राहकाच्या बिलातून भरून काढली जाई. महावितरणला मात्र तूट साऱ्या राज्यात वाटावी लागे. एकाच शहरात दोन न्याय कसे, हा मुलुंडकरांचा आक्षेप समजण्यासारखा आहे. पण कोराडी आणि चंद्रपूरची औष्णिक केंद्रे ज्या विदर्भात आहेत, तिथल्या खेड्यांनी याहून कितीतरी जास्त तास अंधार सोसला. मुलुंडची तुलना केवळ घाटकोपरशी केली, तर ही बाजू नजरेआड होते.

दुसरा समज असा की बिल वेळेवर भरणाऱ्याची वीज कापली जात नाही. भारनियमन घराचे होत नाही, फीडरचे होते. उपकेंद्रातून निघणारी एक वाहिनी अनेक इमारतींना आणि वस्त्यांना वीज देते, म्हणून एकाच गल्लीत समोरासमोरच्या सोसायट्यांपैकी एक उजेडात आणि दुसरी अंधारात असू शकते. महावितरणने वाहिन्यांचे ‘ए’पासून ‘जी’पर्यंत गट पाडले ते वीजगळती आणि बिलवसुली पाहून. जिथे गळती व थकबाकी जास्त, तिथे कपात जास्त. 2022 च्या एप्रिलमध्ये कोळशाची टंचाई झाली तेव्हाही याच तत्त्वाने अधिक गळतीच्या वाहिन्या आधी निवडल्या गेल्या. यात प्रामाणिक ग्राहक शेजाऱ्याच्या आकड्याची शिक्षा भोगतो, हा आक्षेप खरा आहे आणि मला तो गंभीर वाटतो. तरीही सर्वांना सारखी कपात लावली, तर जिथे चोरी कमी आहे त्या भागाला ती कमी ठेवण्याचे कारणच उरत नाही. म्हणून नियम मोडीत काढण्यापेक्षा वाहिनीवरची गळती नीट मोजली जावी आणि ती सुधारताच गट बदलावा, हा आग्रह धरणे मला अधिक योग्य वाटते. आपली वाहिनी कोणती आणि ती कोणत्या गटात आहे, हे ग्राहकाला विचारता आले पाहिजे. महावितरणचा 1912 हा क्रमांक त्यासाठी वापरावा.

गेलेली प्रत्येक लाइट म्हणजे भारनियमन, हेही खरे नाही. 12 ऑक्टोबर 2020 रोजी सकाळी मुंबई अंधारात गेली, लोकल थांबल्या, ते कळवा-पडघा परिसरातल्या पारेषण वाहिन्यांच्या बिघाडामुळे. शहराला बाकीच्या जाळ्यापासून अलग करून वाचवणारी यंत्रणाही त्या दिवशी तग धरू शकली नाही. भारनियमन नेमके असे कोसळणे टाळण्यासाठी असते. मोठ्या जाळ्यात मागणी आणि निर्मिती क्षणोक्षणी जुळावी लागते, त्याचे मोजमाप म्हणजे 50 हर्ट्झची वारंवारता. पश्चिम भारताच्या जाळ्यावर हे लक्ष ठेवणारे केंद्र अंधेरी पूर्वेच्या एमआयडीसीत आहे. मागणी वाढून वारंवारता घसरत राहिली, तर जनित्रे स्वतःला वाचवण्यासाठी एकामागून एक बंद पडतात. मग काही वाहिन्या तासभर ठरवून बंद ठेवणे हा त्यातल्या त्यात कमी नुकसानीचा मार्ग ठरतो.

कपातीने तेवढी वीज वाचते, असेही मानले जाते. प्रत्यक्षात बरीचशी मागणी फक्त पुढे ढकलली जाते. इन्व्हर्टरची बॅटरी भरताना आणि वापरताना काही वीज वाया जाते, त्यामुळे तो दिलेल्या विजेपेक्षा जास्त वीज नंतर जाळ्यातून ओढतो. पुरवठा परतताच पाण्याचे पंप, एसी आणि गीझर एकदम सुरू झाले, तर वाहिनीवर भार उसळतो आणि पुन्हा बिघाडाची शक्यता वाढते. सोसायटीने पंप पंधरा-वीस मिनिटे उशिरा लावला, तर हा भार विभागला जातो.