ईमेलची वंशावळ

सकाळी सोसायटीचा मेल येतो. विषय : पाणी. टँकर कधी येणार, त्याबद्दल. दुपारी आणखी एक, विषय पुन्हा 'पाणी'. हा मात्र तिसऱ्या मजल्यावरच्या गळतीचा. रात्रीपर्यंत दोन्हींवर मिळून वीस-पंचवीस उत्तरं. आणि मेलचा प्रोग्राम नीट लिहिलेला असेल, तर तो टँकरवाल्यांना टँकरपाशी, गळतीवाल्यांना गळतीपाशी बिनचूक बसवतो. त्याला मराठी कळतं की काय? छे! त्याने मजकुराचं एक अक्षरही वाचलेलं नसतं.

मग कळतं कसं? प्रत्येक ईमेलच्या डोक्यावर आपल्याला न दिसणाऱ्या काही ओळी असतात. त्यातली एक म्हणजे 'मेसेज-आयडी', मेलचं जन्मनाव. हे नाव जगात दुसऱ्या कुठल्याच मेलचं नसावं असा दंडक आहे, पण त्याची नोंद ठेवणारं एकही कार्यालय पृथ्वीवर नाही! युक्ती साधी आहे. आपल्या घरात एक नाव दोनदा ठेवायचं नाही, आणि पुढे घराण्याचं नाव लावायचं. म्हणून आधी सहसा वेळ आणि वाटेल ते आकडे, मग '@', मग पाठवणाऱ्याचं डोमेन.

खरी गंमत उत्तरात आहे. उत्तर जन्माला येताना 'इन-रिप्लाय-टू' या ओळीत बापाचं नाव घेऊन येतं आणि 'रेफरन्सेस' या ओळीत आजा-पणज्यांची यादी. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांकडची नामावळी आठवा. तिथे नावावरून पिढ्या जुळतात, तशाच इथे. मधला एखादा मेल तुम्हाला आलाच नाही, तर? नातवाला आजोबांचं नाव पाठ असतंच. नेटस्केपच्या मेल-प्रोग्रामसाठी जेमी झविन्स्की यांनी १९९०च्या दशकात बसवलेली पद्धत तर हरवलेल्या मेलसाठी चक्क एक रिकामा पाट मांडून ठेवते. तो उशिरा आला की आपल्या जागी बसतो.

आपोआप सूचना धाडणारे प्रोग्राम नेमके इथे घोळ घालतात. वंशावळीच्या ओळी गाळतात, किंवा विषयात दर वेळी 'नवी उत्तरं : ७', 'नवी उत्तरं : ८' असं काहीतरी घुसडतात. विषय बदलला की जीमेल वेगळी साखळी धरतं, आणि तुमच्या मेलबॉक्सात अनाथांची रांग लागते. माझ्या मते सूचना सुधारायची तर रंगीत बटणं नंतर. आधी या ओळी.

आता याहून मजेदार पेच. 'मी रजेवर आहे' असं आपोआप कळवणारी दोन खाती समोरासमोर आली तर? ती रजा संपेपर्यंत एकमेकांना कळवत बसतील! म्हणून २००४ साली एका ओळीचा संकेत ठरला : 'ऑटो-सबमिटेड'. म्हणजे हे यंत्राने लिहिलंय, उत्तराची तसदी नको. पत्ता चुकल्याची तक्रार घेऊन परतणाऱ्या मेलसाठी तर त्याआधीच, १९८२च्या नियमांत, तोड निघाली होती. त्याच्या लिफाफ्यावर पाठवणाऱ्याची जागा कोरीच ठेवायची. परत पाठवणार कुणाला?

खोटं वाटतं? संगणकावर जीमेल उघडा. लांबलेल्या गप्पांमधला शेवटचा मेल घ्या, त्याच्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांवर टिचकी मारा आणि 'शो ओरिजिनल' निवडा. 'रेफरन्सेस' ही ओळ शोधा आणि पूर्वज मोजा.