निरोप दिला, पण पोहोचला का? आगीच्या वेळी वायरलेसवर कसे बोलतात

१४ एप्रिल ही तारीख आपल्यासाठी बाबासाहेबांच्या जयंतीची. याच तारखेला देशभरातील अग्निशमन दले आपल्या शहीद जवानांना मानवंदना देतात. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टायकीन' या जहाजावर लागलेली आग विझवताना प्रचंड स्फोट झाला आणि अग्निशमन दलाचे ६६ जण मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ तेव्हापासूनचा आठवडा अग्निशमन सेवा सप्ताह म्हणून पाळला जातो.

या सप्ताहात आपल्याला शिड्या, पाण्याचे फवारे, बंब यांची प्रात्यक्षिके दिसतात. पण जवानाच्या खांद्याला लटकणाऱ्या छोट्याशा वायरलेस संचाकडे आपले फारसे लक्ष जात नाही. आगीत शिरलेल्या माणसाचा बाहेरच्या जगाशी असलेला तो एकमेव धागा असतो. हा धागा कसा वापरला जातो आणि तो तुटला तर काय होते, हे आपण समजून घेऊ.

एका वेळी एकच आवाज

मोबाईलवर दोघांना एकाच वेळी बोलता येते. वायरलेसवर तसे नसते. एकाने बटण दाबले की त्या चॅनेलवर बाकी सर्वांना फक्त ऐकावे लागते. दोघांनी एकदम बटण दाबले तर दोघांचाही आवाज चिरकतो आणि कोणाचेच बोलणे कळत नाही. एखाद्याच्या संचाचे बटण चुकून दाबलेले राहिले तर पूर्ण चॅनेल अडून बसते.

त्यात आगीची परिस्थिती वेगळीच. धुरामुळे हातभर अंतरावरचे दिसत नाही. श्वसनयंत्राच्या मास्कमधून आवाज घुसमटतो. पंप आणि पाण्याचा गोंगाट असतो. इमारतीतील लोखंड आणि काँक्रीट रेडिओ लहरी कमजोर करतात. म्हणून प्रशिक्षणात पहिला धडा असा असतो : आधी ऐका, चॅनेल मोकळे असल्याची खात्री करा, काय बोलायचे ते मनात जुळवा, बटण दाबून क्षणभर थांबा आणि मगच बोला. बटण दाबताच बोलायला सुरुवात केली तर पहिला शब्द कापला जातो. तो शब्द 'नका' असेल तर काय घडेल, हे सांगायला नको.

उलट सांगेपर्यंत निरोप अपुरा

बोलण्याचा क्रमही ठरलेला असतो. ज्याला हाक मारायची त्याचे नाव आधी, आपले नाव नंतर, मग निरोप. उदाहरणार्थ, "कमांड, मी पथक दोन. तिसऱ्या मजल्यावर आहोत. दोन माणसे सापडली. जिन्याने खाली आणतो आहोत." यावर कमांडने नुसते "ठीक आहे" म्हणून भागत नाही. "पथक दोन, तिसरा मजला, दोन माणसे, जिन्याने खाली. समजले," असे मुख्य मुद्दे परत सांगायचे असतात. ऐकताना चूक झाली असेल तर ती तिथेच पकडली जाते. उत्तर आलेच नाही, तर निरोप पोहोचला नाही असेच धरायचे आणि पुन्हा हाक मारायची.

हा नियम किती मोलाचा आहे ते अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातल्या हॅकेनसॅक शहरात दिसले. १ जुलै १९८८ रोजी तिथे मोटारविक्रीच्या एका इमारतीला आग लागली. छत कोसळण्याच्या थोडे आधी आतल्या पथकांना मागे येण्याचा आदेश वायरलेसवर दिला गेला. त्याला आतून उत्तर आले नाही. छत कोसळले आणि पाच जवान गेले. त्यांपैकी दोघे कोसळल्यानंतरही काही काळ जिवंत होते आणि वायरलेसवर मदत मागत होते. घरी स्कॅनरवर ऐकणाऱ्या नागरिकांना त्यांच्या हाका ऐकू आल्या आणि त्यांनी फोन करून कळवलेही. पण ज्यांनी ऐकायला हवे होते, त्यांच्याकडून वेळेत प्रतिसाद गेला नाही.

'मेडे' म्हणजे सर्वांनी गप्प

जवान हरवला, अडकला किंवा त्याची हवा संपत आली, तर अनेक देशांत तो 'मेडे, मेडे, मेडे' असे तीनदा म्हणतो. १९२३ साली लंडनच्या क्रॉयडन विमानतळावरील रेडिओ अधिकारी फ्रेडरिक मॉकफर्ड यांनी हा शब्द सुचवला. 'मला मदत करा' या अर्थाच्या फ्रेंच शब्दांवरून तो घेतला आहे. तीनदा म्हणण्याचे कारण साधे आहे : गोंगाटातही तो ओळखू यावा आणि दुसऱ्या बोलण्याशी त्याची गल्लत होऊ नये.

ही हाक आली की बाकी सगळे बोलणे थांबते. जवान आपण कोण, कुठे आहोत, काय झाले, हवा किती उरली आणि काय हवे ते सांगतो. कमांड ते परत उच्चारतो आणि बाहेर तयार ठेवलेले बचाव पथक आत धाडतो. मग प्रत्येक पथकाची हजेरी घेतली जाते, म्हणजे आणखी कोणी बेपत्ता नाही ना ते कळते. तीस मिनिटांचा म्हणवला जाणारा हवेचा सिलिंडर दमछाकीच्या कामात त्याहून खूप लवकर रिकामा होऊ शकतो. म्हणूनच जवानांना शिकवले जाते की मेडे द्यायला लाजू नका. 'थोडे आणखी शोधून बघतो' यातच जीव जातो.

कारणही सांगा

११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कमध्ये ३४३ अग्निशमन जवान मृत्युमुखी पडले. सकाळी ९.५९ वाजता दक्षिण मनोरा कोसळला. त्यानंतर लगेच उत्तर मनोऱ्यातील जवानांना बाहेर पडण्याचे आदेश दिले गेले. तो मनोरा १०.२८ ला कोसळला. मध्ये २९ मिनिटे होती. चौकशी आयोगाने नोंदवले की अनेकांपर्यंत आदेश पोहोचलाच नाही. काही जण वेगळ्या चॅनेलवर होते, काहींकडे संचच नव्हता, चॅनेलवर गर्दीही होती. ज्यांनी ऐकले त्यांनाही बहुतेक आदेशांत शेजारचा मनोरा कोसळल्याचे सांगितले गेले नव्हते आणि 'मेडे'ची ठरलेली पद्धतही पाळली गेली नव्हती. त्यामुळे काहींना घाई करण्याची गरज वाटली नाही.

आणखी एक अडचण सांकेतिक आकड्यांची. प्रत्येक खात्याचे आकडे वेगळे असले की पोलीस, रुग्णवाहिका आणि अग्निशमन दल एकत्र आल्यावर गोंधळ होतो. म्हणून अमेरिकेत २००६ पासून अनेक यंत्रणांच्या संयुक्त कामात साध्या भाषेचा आग्रह धरला गेला. 'आग', 'बाहेर या', 'पाणी बंद' हे शब्द सर्वांनाच कळतात.

आपल्यासाठी यात काय?

६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर लाखोंचा जनसमुदाय येतो. गावोगावच्या जयंतीच्या मिरवणुकाही मोठ्या असतात. अशा गर्दीत हातात वॉकीटॉकी घेऊन उभ्या असणाऱ्या प्रत्येक स्वयंसेवकाला हेच नियम लागू पडतात : आधी ऐका, थोडक्यात बोला, ठिकाण नेमके सांगा, समोरच्याकडून निरोप परत म्हणून घ्या. कार्यक्रमाआधी अर्धा तास याचा सराव घेणे कोणत्याही मंडळाला अवघड नाही. १०१ किंवा ११२ वर आगीची वर्दी देतानाही तसेच करावे. पत्ता, जवळची खूण, कितवा मजला, आत कोणी अडकले आहे का, हे सांगावे आणि पलीकडच्या माणसाने पत्ता परत म्हणून दाखवेपर्यंत फोन ठेवू नये.

येत्या १४ एप्रिलला अभिवादन करताना त्या ६६ जणांचीही आठवण ठेवू. आणि आपल्या शहरातील अग्निशमन दलाकडे प्रत्येक जवानासाठी चालू स्थितीतील वायरलेस संच आहे का, त्याचा सराव नियमित होतो का, हा प्रश्न आपल्या नगरसेवकांना विचारू. आपल्यासाठी आगीत शिरणाऱ्या माणसाची हाक बाहेर ऐकू येते की नाही, हे पाहणे आपलेही काम आहे.