सहा दिवस आणि काळा पाषाण

पृथ्वीचे वय किती, या प्रश्नाला ख्रिस्ती धर्माने एकच एक उत्तर कधीही दिलेले नाही. बायबलच्या ‘उत्पत्ति’ या पहिल्या पुस्तकात सहा दिवसांची निर्मिती आणि सातव्या दिवसाचा विसावा सांगितला आहे. ते दिवस चोवीस तासांचे होते की युगांएवढे लांब, आरंभीची निर्मिती आणि पुढचे सहा दिवस यांच्यामध्ये काही काळ लोटला की नाही, आणि मुळात त्या अध्यायाला कालगणना सांगायची आहे की आणखी काही, यावर ख्रिस्ती विचारवंत पहिल्या शतकांपासून वेगवेगळी मते मांडत आले. महाराष्ट्राचा या चर्चेशी जवळचा संबंध आहे. इथल्या काळ्या दगडाचे वय ठरवण्याच्या कामात सुरुवातीला ज्यांनी मोलाची भर घातली, त्यांत नागपूरचे दोन मिशनरी होते.

हा दगड तेरखेड्यातही पायाखाली आहे. धाराशिव जिल्ह्याच्या वाशी तालुक्यातले हे गाव फटाक्यांच्या कारखान्यांमुळे सर्वांना माहीत असते. बालाघाटच्या या पठारावर विहीर खणायला घेतली की वरून काळी माती, मग मुरूम, मग सुरुंगाशिवाय न फुटणारा काळा पाषाण, असा क्रम लागतो. मध्येच मांजऱ्या खडक येतो. तो छिद्राछिद्रांचा असतो आणि त्याच्या पोकळ्यांत पांढरी खनिजे भरलेली दिसतात. काही ठिकाणी पाषाणाच्या दोन थरांमध्ये गेरूसारखा लाल पट्टा सापडतो. काळा पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हा, आणि मांजऱ्यातली छिद्रे म्हणजे त्या लाव्ह्यातल्या वायूचे बुडबुडे. लाल पट्ट्याचे महत्त्व सर्वांत जास्त. एक लाव्हा पसरला, निवला, ऊन-पावसाने त्याचा वरचा भाग झिजून त्याची माती झाली, आणि त्यानंतर दुसरा लाव्हा येऊन तिच्यावर बसला, असे तो पट्टा सांगतो. दगडाची माती व्हायला किती काळ लागतो, हे शेतकऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. दख्खनच्या पठारावर असे लाव्ह्याचे थर एकावर एक रचलेले आहेत आणि त्यांचा विस्तार आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर आहे.

या थरांच्या तळाशी काय आहे, ते याच भागात पाहायला मिळाले. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाने लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतली गावे उद्ध्वस्त झाल्यावर भूवैज्ञानिकांनी किल्लारीला खोल छिद्र घेतले. सुमारे ३४० मीटर लाव्हा भेदल्यावर गाळाचा पातळ थर लागला आणि त्याखाली ग्रॅनाइटी जातीचा, लाव्ह्याहून कितीतरी प्राचीन पायाभूत खडक. लाव्हा कितीही जुना असला तरी तो येण्याआधी इथे जमीन होती आणि तिच्यावर पाणी गाळ आणून टाकत होते.

आता दुसरी बाजू. ‘उत्पत्ति’च्या पाचव्या आणि अकराव्या अध्यायांत आदामापासून अब्राहामापर्यंतची वंशावळ आहे आणि प्रत्येक पुरुषाला कितव्या वर्षी मुलगा झाला, हेही दिले आहे. या वयांची बेरीज केली की जगाचे वय मिळेल, असे अनेकांना वाटले. आयर्लंडमधल्या आर्माचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी १६५० मध्ये हे गणित प्रसिद्ध केले. त्यांनी बायबलमधल्या आकड्यांना बाबिलोन, इराण आणि ग्रीस-रोमच्या इतिहासाची जोड दिली आणि निर्मितीचे वर्ष इसवी सनापूर्वी ४००४ ठरवले, ऋतू शरदाचा. १७०१ पासून इंग्रजी बायबलच्या समासात या तारखा छापल्या जाऊ लागल्या आणि पुढच्या पिढ्यांना त्या मूळ ग्रंथाचाच भाग वाटू लागल्या. अशर यांची आज टिंगल होते, ती अन्यायाची आहे. त्यांच्या काळात जगाचा इतिहास लिखित साधनांवरूनच ठरत असे, आणि ती साधने त्यांनी कसून तपासली होती.

अडचण साधनांतच होती. हिब्रू पाठातल्या आकड्यांनुसार आदामापासून जलप्रलयापर्यंत १६५६ वर्षे होतात. त्याच ग्रंथाच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात हा काळ जवळजवळ ६०० वर्षांनी जास्त भरतो. त्यामुळे कॉन्स्टँटिनोपलच्या चर्चने निर्मितीचे वर्ष इसवी सनापूर्वी ५५०९ धरले, तर यहुदी पंचांग ते ३७६१ धरते. एकाच वंशावळीवरून तीन परंपरांनी तीन वर्षे काढली.

दिवसांचा शब्दशः अर्थ घ्यावा की नाही, ही शंकाही आधुनिक विज्ञानाने आणलेली नाही. सूर्य चौथ्या दिवशी निर्माण झाला असे अध्याय सांगतो, मग आधीचे तीन दिवस कशाने मोजले, हा प्रश्न तिसऱ्या शतकात ओरिजेन या ख्रिस्ती विचारवंताने विचारला होता. पाचव्या शतकाच्या आरंभी ऑगस्टीन या धर्मपंडिताने सगळी निर्मिती एकाच क्षणी झाली असे मानले. सहा दिवस ही त्याच्या मते समजावून सांगण्याची रीत होती. त्यालाही जग काही हजार वर्षांचेच वाटत होते. पण ख्रिस्ती माणसाने सृष्टीविषयी अडाण्यासारखे बोलून आपल्या ग्रंथाचे हसे करून घेऊ नये, असा इशारा त्याने देऊन ठेवला. पुढच्या सगळ्या वादात तो इशारा पुन्हा पुन्हा कामी आला.

खडकांचे थर वाचण्याचा पहिला नियम एका धार्मिक माणसानेच सांगितला. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा, हा सिद्धांत १६६९ मध्ये मांडणारे डेन्मार्कचे नील्स स्टेन्सन पुढे कॅथलिक बिशप झाले. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी स्कॉटलंडच्या जेम्स हटन यांनी थरांवरून अतिशय दीर्घ काळाची कल्पना पुढे आणली आणि अशर यांची सहा हजार वर्षे अपुरी पडू लागली.

त्यावर ख्रिस्ती विचारवंतांनी दोन मार्ग काढले, आणि दोन्हींचे ठळक पुरस्कर्ते स्कॉटलंडचेच होते. टॉमस चामर्स या धर्मोपदेशकाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच सांगितले की आरंभीची निर्मिती आणि सहा दिवसांची रचना यांच्यामध्ये हवा तेवढा काळ मानायला ग्रंथ आड येत नाही. याला ‘अंतराल मत’ म्हणता येईल. ह्यू मिलर या पाथरवटाने दुसरा मार्ग घेतला. खाणीत दगड फोडता फोडता जीवाश्मांचा जाणकार झालेल्या मिलर यांनी एकेक दिवस म्हणजे एकेक भूवैज्ञानिक युग, असे मांडले. देवाच्या दृष्टीने हजार वर्षे एका दिवसासारखी, हा स्तोत्रसंहितेतला विचार या मताला आधार म्हणून पुढे केला जातो. १८४३ मध्ये स्कॉटलंडच्या राजमान्य चर्चमधून फुटून ‘फ्री चर्च’ निघाले, तेव्हा चामर्स त्याचे पहिले अध्यक्ष होते आणि मिलर त्याच्या बाजूने लढणाऱ्या वृत्तपत्राचे संपादक.

याच फ्री चर्चने स्टीफन हिस्लॉप यांना नागपूरला पाठवले. १८१७ मध्ये जन्मलेले हिस्लॉप १८४५ मध्ये नागपूरला पोहोचले, तेव्हा तिथे भोसल्यांचे राज्य होते. त्यांनी मराठी शिकून घेतली, शाळा काढली, गोंडांच्या चालीरीती आणि गाणी टिपून ठेवली. रॉबर्ट हंटर हे सहकारी त्यांना नंतर येऊन मिळाले. १८५१ मध्ये सीताबर्डीपासून जवळच असलेल्या टाकळीला लाव्ह्याच्या थरांमध्ये अडकलेल्या गाळाच्या खडकात दोघांना जीवाश्म आढळले. दख्खनच्या पूर्व भागात असे काही जीवाश्म माल्कमसन या अभ्यासकाला आधी मिळाले होते. पण टाकळीचा साठा फार समृद्ध निघाला. गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख, फळे आणि बिया, माशांचे खवले, अगदी भुंग्यांच्या पंखांची कठीण आवरणेसुद्धा त्यात होती.

या शंखांचा अर्थ काय, हे नीट पाहायला हवे. खाली लाव्हा, वर लाव्हा, आणि मधल्या गाळात तळ्यात राहणाऱ्या गोगलगायी. म्हणजे खालचा लाव्हा पूर्ण निवला, त्याच्या खोलगटात पावसाचे पाणी साचले, तळे झाले, तळ्यात गोगलगायी आल्या, त्यांच्या पिढ्या तिथे वाढल्या आणि मेल्या, काठावर झाडे उगवली, त्यांना फळे आली. हे सगळे झाल्यावर दुसरा लाव्हा आला आणि त्याने तळे झाकून टाकले. एकाच प्रलयात हा क्रम बसवणे कठीण आहे. हिस्लॉप आणि हंटर यांचा निबंध लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या त्रैमासिकात १८५५ मध्ये छापून आला. जीवाश्मांवरून त्यांनी हे थर ‘इओसीन’ काळातले मानले. खडकाचे वय वर्षांत मोजायचे साधन तेव्हा कोणाकडेच नव्हते. जीवाश्मांची तुलना करून क्रम तेवढा लावता येई. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळे पाहून परतताना हिस्लॉप ओढ्याच्या पाण्यात बुडून मरण पावले. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज १८८३ मध्ये त्यांच्या नावाने सुरू झाले.

त्या काळातल्या एका विसंगतीची नोंद इथे करायला हवी. मिशनरी पुराणांतल्या भूगोलावर आणि युगांच्या अवाढव्य आकड्यांवर टीका करत असत, आणि त्याच सुमारास युरोपातले खडक त्यांच्या स्वतःच्या सहा हजार वर्षांना सुरुंग लावत होते. पुराणांतला ब्रह्मदेवाचा एक दिवस, म्हणजे एक कल्प, ४३२ कोटी वर्षांचा, आणि आज मान्य असलेले पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे. हे साम्य लक्ष वेधून घेते, पण त्यावरून पुराव्याचा दावा करता येत नाही. कल्पाचा आकडा ग्रहगतींच्या गणिती आवर्तनांतून आला आहे, दगडाच्या मोजणीतून नव्हे.

दगडाचे वय मोजता आले ते विसाव्या शतकात, किरणोत्सर्गाचा शोध लागल्यावर. युरेनियमचे शिशात रूपांतर ठरलेल्या गतीने होते, आणि त्या दोहोंच्या प्रमाणावरून काळ काढता येतो. क्लेअर पॅटरसन यांनी १९५६ मध्ये उल्कांतील शिशाच्या मोजणीवरून पृथ्वीचे वय सुमारे ४५५ कोटी वर्षे ठरवले. दख्खनच्या लाव्ह्यासाठी लाल पट्टेच उपयोगी पडले. पश्चिम घाटातल्या अशा पट्ट्यांत झिरकॉन खनिजाचे बारीक कण सापडले, त्यांच्यातले युरेनियम आणि शिसे मोजले गेले. स्वतंत्रपणे खुद्द लाव्ह्यातल्या आर्गॉनवरूनही वय काढण्यात आले. तपशिलात थोडा फरक राहिला, तरी दोन्ही पद्धतींचे उत्तर ६.६ कोटी वर्षांच्या आसपास आले आणि मुख्य उद्रेक दहा लाख वर्षांच्या आत आटोपले असे दिसले. इओसीनची सुरुवात आज ५.६ कोटी वर्षांपूर्वीची धरतात. नुसत्या शंख-बियांवरून अंदाज बांधणारे नागपूरचे मिशनरी फार दूर गेले नव्हते.

पृथ्वी काही हजार वर्षांचीच आहे असे आग्रहाने मांडणारी आजची चळवळ मात्र बरीच अलीकडची आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत बायबलच्या मूलतत्त्वांचा पुरस्कार करणाऱ्या पुस्तिका निघाल्या, त्यांतल्या जेम्स ऑर यांच्यासारख्या लेखकांना पृथ्वी प्राचीन असल्याचे मान्य होते. १९०९ च्या स्कोफिल्ड बायबलच्या टिपांत तर अंतराल मतच दिले होते. सगळे थर जलप्रलयाने बसवले, असे सविस्तर मांडले ते ॲडव्हेंटिस्ट पंथाच्या जॉर्ज मक्रेडी प्राइस यांनी, १९२३ मध्ये. हेन्री मॉरिस आणि जॉन व्हिटकॉम्ब यांच्या १९६१ च्या ग्रंथाने ते मत इतर पंथांत नेले. केंटकीत २००७ मध्ये या मताचे संग्रहालय उघडले. पुण्यात स्पायसर विद्यापीठ चालवणारा ॲडव्हेंटिस्ट पंथ आजही अलीकडच्या सहा दिवसांच्या निर्मितीवर अधिकृतपणे विश्वास ठेवतो.

कॅथलिक चर्चचा मार्ग निराळा राहिला. गोव्याच्या राशोलला १६१६ मध्ये छापलेल्या फादर स्टीफन्स यांच्या ‘क्रिस्तपुराणा’ने सृष्टीच्या उत्पत्तीची कथा मराठी ओवीत आणली, तेव्हा सृष्टीचे वय हा वादाचा विषयच नव्हता. तो झाल्यावर चर्चने सावधपणे वाट मोकळी केली. सहा ‘दिवस’ म्हणजे काळाचा काही एक टप्पा असे मानायला १९०९ मध्ये रोमच्या बायबल आयोगाने मुभा दिली. विश्वाचा आरंभ एका अतिघन बिंदूपासून झाला, ही कल्पना १९३१ मध्ये मांडणारे जॉर्ज लमेत्र स्वतः कॅथलिक धर्मगुरू होते. १९५० मध्ये पोप पायस बारावे यांनी मानवी शरीराच्या उत्क्रांतीवर संशोधन आणि चर्चा करायला हरकत घेतली नाही, आणि १९९६ मध्ये जॉन पॉल दुसरे यांनी उत्क्रांती ही केवळ एक अटकळ राहिलेली नाही, असे म्हटले.

वयाचा आकडा मान्य केल्यावरही एक प्रश्न उरतो, आणि श्रद्धावंतांना तोच अधिक बोचतो. पौलाच्या रोमकरांस पत्रात आदामाच्या पापामुळे जगात मरण आले असे सांगितले आहे. मग माणूस पृथ्वीवर येण्याच्या कोट्यवधी वर्षे आधी टाकळीच्या तळ्यातल्या गोगलगायी कशा मेल्या? कोवळ्या पृथ्वीचे समर्थक इथेच पाय रोवून उभे राहतात, आणि त्यांच्या आग्रहामागची कळकळ खोटी नाही. मरण पापाआधी असेल, तर येशूच्या मरणाने नेमके काय जिंकले, अशी त्यांची पृच्छा असते. प्राचीन पृथ्वी मानणाऱ्यांचे उत्तर असे, की पौल माणसाच्या मरणाविषयी, देवापासून तुटण्याविषयी बोलतो. प्राण्यांचे जन्ममरण त्यात येत नाही. टॉमस अक्वायनस या धर्मशास्त्र्याने तेराव्या शतकातच म्हटले होते की आदाम पाप करण्याआधीही सिंहाचे अन्न मांसच होते. आदाम हा एकच ऐतिहासिक पुरुष की मानवजातीचे प्रतिनिधित्व करणारे पात्र, हा त्यापुढचा प्रश्न. पायस बारावे यांना एकाच मूळ पुरुषाचा आग्रह सोडता येईल असे वाटले नाही. प्रॉटेस्टंट धर्मशास्त्र्यांत मात्र दोन्ही बाजूंचे लोक आहेत आणि तो वाद आजही चालू आहे.