खामगाव: इथे दुसऱ्या वर्गाचे शहर, अमेरिकेत महानगर

२०११च्या जनगणनेत खामगावची लोकसंख्या ९४,१९१ भरली. बुलढाणा जिल्ह्यातले हे सर्वांत मोठे शहर, पण लाखाचा आकडा थोडक्यात हुकल्याने जनगणनेच्या वर्गवारीत ते दुसऱ्या वर्गातच राहिले. अमेरिकेत ५० हजार वस्तीचा नागरी गाभा असला की त्याभोवती ‘महानगरीय सांख्यिकी क्षेत्र’ आखले जाते. आपल्या राज्यघटनेत मात्र ७४व्या दुरुस्तीनुसार महानगर क्षेत्राला किमान दहा लाख लोकसंख्या लागते.

फरक एवढ्या आकड्याचा नाही. शेजारच्या कौंटीतले निदान २५ टक्के कामकरी गाभ्याकडे कामाला जात असतील, तर अमेरिका ती कौंटी महानगराला जोडते. आपली जनगणना ‘नागरी समूह’ ठरवताना वस्ती सलग आहे का, हे पाहते. म्हणून ठाणे, कल्याण, नवी मुंबई बृहन्मुंबईच्या समूहात आली. खाडीपलीकडचे वसई-विरार मात्र २०११मध्ये वेगळे मोजले गेले. तिथून रोज लोकल भरभरून मुंबईला जातात, तरीही!

खेड्याचे शहर कधी होते, याची कसोटी तर आणखी अडवणारी आहे. नगरपालिका नसेल तर तीन अटी: लोकसंख्या किमान ५,०००, दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसे आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेर. खामगावच्या कडेचे एखादे गाव डोळ्यांसमोर आणा. घरचा माणूस वर्षातले बहुतेक महिने जिनिंगमध्ये राबतो, तो या हिशेबात येतो. बायको निंदणाला जाते की शहरात शिवणकाम करते, याने काहीच बदलत नाही. अटीत फक्त पुरुष आहेत. निम्म्या गावाचे काम असे बाजूला ठेवून गावाचे रूप ठरवणे चुकीचेच आहे.

उलट, नगरपंचायत झाली की या तिन्ही अटी लागतच नाहीत. २०११नंतर बुलढाणा जिल्ह्यातच मोताळा आणि संग्रामपूर इथे नगरपंचायती आल्या. तेवढ्याने ती गावे आकडेवारीत नागरी ठरतात.

घरापासून कामाचे ठिकाण किती दूर आणि जायचे साधन कोणते, हे २०११च्या जनगणनेने शेतीबाहेरच्या कामगारांना विचारले होते. नागरी समूहाची हद्द मात्र त्या उत्तरांवरून आखली जात नाही. ती तशी आखावी. मग खामगाव, शेगाव, नांदुरा यांच्यातली ये-जा नकाशावर येईल आणि एसटीच्या फेऱ्या, दवाखाने, पाणीयोजना ठरवताना या तीन गावांचा एकत्र विचार करता येईल.