सव्वा घटकेचा स्वयंपाक

दिवसभराचें काम आटोपून सायंकाळीं सात-साडेसातास घरीं परतलेल्या माणसापुढें 'आज जेवावयास काय करावें?' हा प्रश्न उभा राहतो. वरवर पाहतां तो क्षुद्र आहे. परंतु आठवड्यांतून पांच-सहा वेळां तो येतो, आणि घरांतील माणसें एका पंगतीस बसणार कीं बाहेरून मागविलेलीं पुडकीं ज्यानें त्यानें आपापल्या कोपऱ्यांत सोडणार, हें त्याच्या उत्तरावर ठरतें. पतिपत्नी दोघेंहि नोकरी करीत असलेल्या घरांत रोज चारीठाव स्वयंपाकाची अपेक्षा धरणें अन्यायाचें होय. पण झटपट केलेलें अन्न हलक्या प्रतीचेंच असावयाचें, ही समजूतहि तितकीच अन्यायाची आहे. त्वरा आणि घाई ह्या दोन गोष्टी भिन्न आहेत. त्वरेंत क्रम असतो. घाईंत तो सुटतो. हें अंतर एका जपानी पदार्थाच्या आधारें वाचकांस दाखवावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. तो पदार्थ म्हणजे 'तेरियाकी' रीतीनें चकाकी चढविलेला टोफू.

'तेरी' म्हणजे चकाकी आणि 'याकी' म्हणजे भाजलेलें. जपानांत ही रीत मुख्यतः माशांकरितां रूढ झाली. टोफूस ती लावली कीं शाकाहारी माणसाची सोय होते. टोफू म्हणजे सोयाबीनच्या दुधाचें पनीर. सोयाबीन भिजवून वाटतात, त्यांत पाणी घालून तें उकळतात व गाळतात. आपण गाईचें दूध लिंबाच्या रसानें फाडतों. जपानी लोक हें दूध 'निगारी'नें फाडतात. समुद्राच्या पाण्यांतून मीठ काढून घेतल्यावर मागें जो कडू द्रव उरतो, त्यापासून निगारी मिळते. मॅग्नेशियम क्लोराइड हा तिचा मुख्य घटक होय. फाटलेलें दूध फडक्यांत घालून दाबलें कीं जो घट्ट टोफू होतो, त्यास 'मोमेन' म्हणजे सुती म्हणतात. न दाबतां थिजविलेल्या मऊ टोफूस 'किनु' म्हणजे रेशमी म्हणतात. आपल्या पदार्थास सुतीच हवा. रेशमी तव्यावर मोडतो.

हा पदार्थ मूळचा चीनचा. १७८२ सालीं ओसाका येथें टोफूच्या शंभर पाककृतींचें एक पुस्तक निघालें व तें इतकें खपलें कीं पुढल्याच वर्षीं त्याची पुरवणी काढावी लागली. टोफूस खरा मान मिळाला तो मात्र बौद्ध मठांतून. तेथील 'शोजिन' पाकपद्धतींत मत्स्यमांस तर नाहींच, पण कांदा, लसूण व तत्सम उग्र कंदहि वर्ज्य आहेत. चातुर्मास पाळणाऱ्या आपल्या घरांस हा नियम परका वाटूं नये. ज्या झेन पंथाच्या मठांत हा पाकविचार विशेष जोपासला गेला, त्याचें नांवहि आपल्याच 'ध्यान' शब्दाचें रूप आहे. चीनांत 'ध्याना'चें 'चान' झालें आणि जपानांत 'झेन'.

ह्या पंथांतील दोगेन नामक आचार्यानें १२३७ सालीं केवळ मठांतील आचाऱ्याच्या कर्तव्यावर 'तेंझो क्योकुन' हा निबंध लिहिला. त्यांत अन्नाचे सहा रस व तीन गुण सांगितले आहेत. मधुर, अम्ल, लवण, कटु व तिक्त हे पांच रस आपल्या षड्रसांतलेच. सहाव्या स्थानीं आपण कषाय म्हणजे तुरट मानतों, तर त्यांनीं सौम्य, म्हणजे जवळजवळ बेचव, रस मानला आहे. टोफूचा रस नेमका तोच! तीन गुण असे : अन्न मृदु व हलकें असावें, स्वच्छ असावें, आणि यथाविधि केलेलें असावें. श्रीमंती किंवा पदार्थांची संख्या ह्यांत कोठेंहि आलेली नाहीं. ह्या तीन कसोट्यांवर अर्ध्या तासाचें जेवण सहज उतरतें. मात्र तिसरी कसोटी, म्हणजे विधि, सांभाळला पाहिजे.

आतां कृति. चार माणसांस घट्ट टोफू ४०० ग्रॅम, मक्याचें पांढरें पीठ (कॉर्नफ्लोअर) २ मोठे चमचे, तेल २ चमचे, सोया सॉस ३ चमचे, साखर २ चमचे, पाणी ३ चमचे, किसलेलें आलें १ लहान चमचा व भाजलेले तीळ थोडेसे. मोठा चमचा १५ मिलिलिटरचा धरावा. जपानी लोक ह्यांत 'मिरिन' हें तांदळाचें गोड मद्य घालतात. वरील साखर-पाणी त्याच्याच जागीं योजिलें आहे. मीठ मुळींच घालूं नये. सोया सॉसमध्यें साधारण १६ टक्के मीठ असतें, त्यामुळें वरील मापानें प्रत्येकाच्या वांट्यास दोन ग्रॅमच्या आंतबाहेर मीठ येतें. मोठ्या माणसानें दिवसांत पांच ग्रॅमहून कमी मीठ खावें, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. हें ध्यानांत ठेवून बरोबरची भाजी अळणी ठेवावी.

प्रथम भात चुलीवर चढवावा. टोफू स्वच्छ पंच्यांत गुंडाळून त्यावर पाण्यानें भरलेलें पातेलें दहा मिनिटें ठेवावें. तेवढ्या वेळांत आलें किसावें, सोया सॉस, साखर व पाणी एकत्र ढवळून ठेवावें आणि फरसबी किंवा कोबी चिरून वाफेस लावावा. मग टोफूच्या बोटभर जाडीच्या वड्या कापून त्या पिठांत घोळवाव्या व झटकून घ्याव्या. पसरट तव्यावर तेल तापवून मध्यम आंचेवर दोन्ही बाजूंनीं तांबूस होईपर्यंत परताव्या. ह्यास आठ-दहा मिनिटें लागतात. त्या अवधींत वड्या वारंवार हलवूं नयेत. तांबूस झाल्यावर त्या बाजूस काढून तव्यांतील उरलेलें तेल निपटावें, आणि त्याच तव्यावर सॉसचें मिश्रण व आलें ओतावें.

येथून पुढलीं दोन मिनिटें सर्व कसबाचीं आहेत. लाडवाचा पाक ज्यांनीं केला आहे, त्यांस हें निराळें शिकवावयास नको. आरंभीं बारीक, फेसाळ बुडबुडे येतात. पाणी आटलें कीं ते मोठे व संथ होतात. हे संथ बुडबुडे दिसतांच वड्या त्यांत टाकून अर्धा मिनिट खालींवर कराव्या व तवा उतरवावा. निवतांना रस आणखी दाट होतो, म्हणून किंचित् आधीं उतरविणेंच बरें. वरून तीळ पेरावे.

प्रत्येक पायरीस कारण आहे. टोफू ओला असला तर त्यांतील पाणी उडून जाईपर्यंत पृष्ठभाग शंभर अंशांच्या वर तापत नाहीं, आणि तांबूसपणा तर सुमारें १४० अंशांनंतर येतो. पीठ उरलासुरला ओलावा शोषतें, कुरकुरीत कवच देतें व रसास धरून ठेवतें. सॉस शेवटीं ओतावयाचा, कारण त्यांत साखर आहे. तो आधींच ओतला तर वड्या भाजण्यापूर्वीं साखर जळून कडू होते. तीच सामग्री, तोच अग्नि; केवळ क्रम चुकला कीं चकाकीच्या जागीं काजळी मिळते.

दोगेननें आपल्या निबंधांत एक प्रसंग नमूद केला आहे. १२२३ सालीं तो चीनला गेला. तेथील एका मठांत रणरणत्या उन्हांत, तापलेल्या फरशीवर, एक पाठ वांकलेला आचारी अळंबीं वाळवीत होता. वय अडुसष्ट. हें काम एखाद्या मदतनिसास कां सांगत नाहीं, असें तरुण दोगेननें विचारलें. दुसऱ्यानें केलेलें तें आपलें होत नाहीं, अशा आशयाचें उत्तर त्या वृद्धानें दिलें. विद्वान् दोगेन निरुत्तर झाला. झेन मठांत आचाऱ्याचें पद हें सहा वरिष्ठ अधिकाऱ्यांपैकीं एक असे, आणि तें साधनेंत मुरलेल्या माणसासच देत.

आपल्याकडे काय चालतें? ज्या कामावर साऱ्या घराचें आरोग्य अवलंबून, तें दिवसभर राबून आलेल्या एकट्या स्त्रीच्या गळ्यांत पडतें, आणि बाकीचीं माणसें पानाची वाट पाहत बसतात. वरील कृतींत भात चढविणें, टोफू दाबणें, आलें किसणें, भाजी चिरणें हीं चार कामें चार हातांची आहेत. दहा वर्षांच्या मुलास तीळ भाजतां येतील, निवृत्त आजोबांस फरसबी निवडतां येईल, आणि तव्यापाशीं उभें राहून बुडबुडे ओळखणें हें गृहस्वामीस अशक्य नाहीं. सोयाबीनच्या पिकांत महाराष्ट्र देशांत अग्रेसर आहे आणि टोफू आतां आपल्या शहरांतील दुकानांत 'सोया पनीर' म्हणूनहि मिळतो. तेव्हां सामग्रीची सबब कोणास सांगतां यावयाची नाहीं.

सव्वा घटका म्हणजे तीस मिनिटें. तेवढा वेळ घरांतील सर्वांनीं मिळून दिला, तर बुधवारच्या रात्रींहि पानांत गरम अन्न पडेल, आणि तें रांधणारी व्यक्ति इतरांबरोबरच पाटावर बसेल.