जुना संगणक, नवी सिस्टिम (भाग ६) : इन्स्टॉलेशन अर्ध्यावर अडते तेव्हा

इन्स्टॉलेशन अर्ध्यावर बंद पडले की बहुतेक जण पुन्हा फॉरमॅट मारून पहिल्यापासून सुरुवात करतात. तेही अडले की तिसऱ्यांदा. यात वेळ जातो आणि बिघाडाबद्दल काहीच कळत नाही. दोनच गोष्टी टिपून ठेवाव्यात : काम नेमके कुठे थांबले, आणि दुसऱ्या खेपेला ते त्याच जागी थांबले की भलत्याच. निम्मे निदान एवढ्यावरच होते. खालचे विवेचन लिनक्सला धरून आहे, कारण जुन्या यंत्रांवर आज मुख्यतः तीच टाकली जाते.

संगणक पेनड्राइव्हवरून सुरूच होत नसेल, तर संशय आधी पेनड्राइव्हवर घ्यावा. आयएसओ फाइल त्यावर नुसती कॉपी करून भागत नाही. रूफस किंवा एचर अशा साधनाने ती लिहावी लागते. लिहिण्याआधी डाउनलोड केलेल्या फाइलचा शा-२५६ चेकसम संकेतस्थळावर दिलेल्या आकड्याशी ताडून पाहावा. एका अक्षराचाही फरक असेल तर ती फाइल टाकून द्यावी. मग बायोसमध्ये बूटचा क्रम तपासावा. काही जुन्या बायोसमध्ये पेनड्राइव्ह वेगळा दाखवत नाहीत. तो हार्ड डिस्कच्या यादीत दडलेला असतो आणि तिथूनच वर आणावा लागतो.

कधी बूट सुरू होते आणि लगेच पडद्यावर संदेश येतो, की या कर्नलला एक्स८६-६४ प्रोसेसर हवा, पण सापडला आय६८६. इथे बिघाड काहीच नाही. प्रोसेसर ३२-बिट आहे आणि सिस्टिम ६४-बिट. ६४-बिट एक्स८६ प्रोसेसर २००३ मध्ये एएमडीने आणले, आणि त्यानंतरही काही वर्षे ३२-बिट संगणक विकले जात होते. अशा यंत्रांसाठीचे पर्याय झपाट्याने कमी होत आहेत : २०२३ च्या डेबियन १२ ला ३२-बिट इन्स्टॉलर आहे, २०२५ च्या डेबियन १३ ला नाही. पेंटियम एम असलेल्या जुन्या लॅपटॉपांची आणखी एक अडचण असते. त्यांतल्या काही प्रोसेसरांत पीएई ही सोय असूनही ती जाहीर केली जात नाही, म्हणून कर्नल त्यांना नाकारतो. बूटच्या ओळीत ‘फोर्सपीएई’ हा शब्द जोडला की काम पुढे सरकते. मेनू दिसून नंतर पडदा काळा होत असेल, तर तिथेच ‘नोमोडसेट’ लिहून पाहावे. दोष बहुधा ग्राफिक्सच्या ड्रायव्हरचा असतो.

खरा कस लागतो तो फायली उतरवताना काम थांबते तेव्हा. एकदा तीस टक्क्यांवर, एकदा सत्तरवर, दर वेळी वेगळी चूक, असे होत असेल तर रॅम किंवा उष्णता यांकडे वळावे. रॅम पाहण्याआधी वायर सॉकेटमधून काढावी, पॉवरचे बटण काही सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्यावी आणि कॅबिनेटच्या धातूला हात लावावा. मग रॅमची पट्टी काढून तिच्या सोनेरी कडा साध्या खोडरबराने हलक्या हाताने पुसाव्यात, चुरा झटकावा आणि दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या बसेपर्यंत ती परत दाबावी. दमट हवेत वर्षानुवर्षे राहिलेल्या संगणकांत एवढ्यानेही काम होऊन जाते. नाहीच झाले तर मेमटेस्ट८६+ रात्रभर चालू ठेवावे. सकाळी पडद्यावर चुकीची एकही लाल ओळ दिसली, तर ती पुरेशी आहे. ‘एकच तर आहे’ म्हणून सोडू नये. पट्ट्या दोन असतील तर एकेक लावून तपासावे म्हणजे दोषी पट्टी सापडते. तीच पट्टी दुसऱ्या खाचेत नीट चालली, तर दोष खाचेचा.

रॅम ठीक निघाली तर प्रोसेसरचा पंखा, त्याखालची धूळ आणि वाळलेली थर्मल पेस्ट पाहावी. मदरबोर्डवरच्या उभ्या नळकांड्यांसारख्या कपॅसिटरांचे माथे सपाट हवेत. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत बनलेल्या अनेक बोर्डांवर सदोष कपॅसिटर बसले होते. माथा फुगलेला दिसला, तर सॉफ्टवेअरशी झटापट थांबवावी.

काम दर वेळी एकाच जागी अडत असेल, तर दोष पेनड्राइव्हवरच्या फायलीत किंवा हार्ड डिस्कमध्ये असतो. पेनड्राइव्ह बदलूनही तेच घडले, तर लाइव्ह सिस्टिम सुरू करून ‘स्मार्टसीटीएल’ने डिस्कची नोंदवही वाचावी. क्रमांक ५ वर बदललेल्या सेक्टरांची संख्या असते, १९७ वर निकालात न निघालेल्या संशयित सेक्टरांची. १९७ चा आकडा वाढत असेल, तर आधी जुन्या फायली दुसरीकडे काढाव्यात. घरातले फोटो आणि कागदपत्रे कोणत्याही इन्स्टॉलेशनपेक्षा मोलाची आहेत. क्रमांक १९९ मात्र वेगळे सांगतो. तो वाढतो तेव्हा डिस्कपेक्षा तिची केबल सैल किंवा खराब असण्याची शक्यता जास्त. चांगल्या डिस्क या एका आकड्याकडे दुर्लक्ष झाल्याने भंगारात जातात.

पॅकेज इंटरनेटवरून घेताना सह्या किंवा प्रमाणपत्रे अवैध ठरत असतील, तर संगणकाची तारीख पाहावी. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला की घड्याळ मागच्या एखाद्या वर्षात जाते आणि आजची प्रमाणपत्रे त्याला भविष्यातली वाटतात. याच सेलअभावी बायोसची मांडणीही मूळ पदावर येते, म्हणून सेल बदलल्यावर बूटचा क्रम पुन्हा लावावा.

शेवटचा प्रकार म्हणजे सगळे सुरळीत पार पडते, पण रीस्टार्टनंतर ऑपरेटिंग सिस्टिम सापडत नाही. पेनड्राइव्ह लावून सुरू होत असेल आणि काढल्यावर नाही, तर ग्रब हा बूटलोडर चुकून पेनड्राइव्हवर लिहिला गेला आहे. तसे नसेल तर बायोसची पद्धत तपासावी : इन्स्टॉलेशन यूईएफआय पद्धतीने झाले आणि संगणक लेगसी पद्धतीने सुरू होतो आहे, किंवा उलट. पद्धतींची गल्लत असेल तर बायोसमध्ये इन्स्टॉलेशनच्या वेळचीच पद्धत निवडावी. ग्रब चुकीच्या जागी असेल तर लाइव्ह सिस्टिममधून तो हार्ड डिस्कवर नव्याने बसवावा. या दोन्हींसाठी पुन्हा फॉरमॅट मारावा लागत नाही.